हिवाळ्यासाठी परसबागेची तयारी: माती, ऊन आणि पेरणीची वेळ

महाराष्ट्रातील परसबागेचा सर्वांत भरभराटीचा काळ दसऱ्यानंतर सुरू होतो. मेथी, पालक, मुळा, गाजर, फ्लॉवर, वाटाणा, शेवंती, गुलाब ही सारी थंडीत खुलणारी झाडे आहेत, आणि कोकणपट्टीचा अपवाद सोडला तर राज्यात बहुतेक ठिकाणी पडणारी थंडी त्यांना मानवते. त्यामुळे आपल्याकडे हिवाळ्याची तयारी म्हणजे पावसाने दमलेली माती पुन्हा कसदार करणे आणि प्रत्येक बियाणे त्याच्या वेळेला जमिनीत घालणे. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य या सहा-सात आठवड्यांत हिवाळी बागेचे बहुतेक भवितव्य ठरते, असे माझे मत आहे. त्यानंतर कितीही खतपाणी केले तरी हुकलेली वेळ भरून निघत नाही.

पाऊस उघडल्यावर आधी माती

चार महिन्यांच्या पावसात मातीतील नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जाते, थेंबांच्या माऱ्याने वरचा थर चोपून बसतो आणि कुंड्यांची छिद्रे गाळाने व मुळांनी बुजतात. त्यावर ऑक्टोबरचे ऊन पडले की काळ्या मातीचे ढेकूळ होते आणि जमिनीला भेगा जातात. म्हणून पाऊस उघडल्यापासून माती कडक होईपर्यंतचे मोजके दिवस मशागतीसाठी पकडावे लागतात. जमीन ओली असताना कुदळ घातली तर माती थापली जाऊन तिचे विटेसारखे गट्टे होतात, आणि पूर्ण वाळल्यावर घातली तर ढेकळे फुटता फुटत नाहीत.

मधली अवस्था, म्हणजे वाफसा, ओळखण्याची रीत सोपी आहे. साधारण चार बोटे खोलीवरची माती मुठीत घेऊन आवळावी आणि मूठ उघडून तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा बनतच नसेल तर माती कोरडी आहे. आदल्या संध्याकाळी हलके पाणी देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. गोळा पडूनही तसाच राहिला किंवा बोटांना चिकटला, तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. गोळा बनतो, पण जमिनीवर पडताच भुसभुशीत होऊन विखुरतो, त्या दिवशी काम सुरू करावे. माझ्या दृष्टीने हिवाळी बागेतील ही सर्वांत महत्त्वाची चाचणी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

वाफसा आल्यावर वाफा एक वीतभर खोल खणून तण मुळासकट काढावे. हरळी आणि लव्हाळा यांची मुळे तुकडे करून मातीत मिसळू नयेत, कारण प्रत्येक तुकड्यातून नवे रोप उभे राहते. ती वेचून उन्हात पूर्ण वाळवावीत. खणलेली माती पाच-सहा दिवस तशीच उघडी तापू द्यावी. ऑक्टोबरच्या उन्हाचा आपल्याला त्रास होत असला तरी मातीतील हुमणीच्या अळ्या, किडींचे कोष आणि तणांचे कोंब यांचा बंदोबस्त याच उन्हात होतो, शिवाय उघड्या पडलेल्या अळ्या साळुंक्या आणि कावळे वेचून खातात.

त्यानंतर खत. दर चौरस मीटर वाफ्याला दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि एक मूठ निंबोळी पेंड वरच्या वीतभर थरात मिसळावी. शेणखत कुजले आहे की नाही हे हातात घेऊन पाहावे. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, ते गडद तपकिरी असते आणि चहाच्या पुडीसारखे मोकळे होते. कच्चे शेण घातले तर कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने कोवळी मुळे भाजतात, आणि हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळते ते वेगळेच.

येथे आपली जमीन कोणती आहे याचा विचार करणे आवश्यक आहे, कारण एकच सल्ला साऱ्या महाराष्ट्राला लागू पडत नाही. देशावरील आणि विदर्भातील काळी माती बहुधा विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणधर्माची असते आणि तिच्यात चुनखडीचे प्रमाण बरेच असते. अशा मातीत चुलीची राख, चुना किंवा अंड्याच्या टरफलांचा चुरा घालण्यात काही लाभ नाही. विम्लता वाढली की लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. या जमिनीला सेंद्रिय पदार्थ भरपूर द्यावेत आणि निचऱ्यासाठी वाफे वीतभर उंच करावेत. कोकणातील जांभ्याची माती याच्या उलट आम्लधर्मी असते आणि मोठ्या पावसाने तिच्यातील अन्नद्रव्ये धुऊन जातात. तिथे थोडी लाकडाची राख उपयोगी पडते, आणि शेणखत व पालापाचोळा देशापेक्षा अधिक द्यावा लागतो.

कुंड्या आणि गच्चीवरची बाग

शहरातील बहुतेक बागा आता कुंड्यांत आणि पिशव्यांत असतात, आणि त्यांना पावसाळ्याचा फटका जमिनीपेक्षा अधिक बसतो. पावसाळी भेंडी, दोडका, काकडी संपली की त्या कुंड्यांतील माती प्लास्टिकच्या कागदावर पसरून चार-पाच दिवस उन्हात वाळवावी. मुळांचे जाळे हाताने मोकळे करून काढून टाकावे. मुळांवर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमींची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची खूण आहे. वाल-घेवड्याच्या मुळांवरील गाठी मात्र बहुधा उपयुक्त जिवाणूंच्या असतात. त्या बोटाने सहज सुटतात, तर सूत्रकृमींच्या गाठी मुळातच फुगलेल्या असल्याने सुटत नाहीत. सूत्रकृमी आढळलेली माती टोमॅटो, वांगी किंवा गाजरासाठी वापरू नये. त्या कुंडीत एक हंगाम झेंडू घ्यावा, कारण झेंडूच्या मुळांतील द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात.

वाळलेल्या जुन्या मातीचे साधारण चार भाग, कंपोस्ट किंवा गांडूळखताचे तीन भाग आणि कोकोपीट, वाळका पालापाचोळा किंवा उसाचे पाचट यांचे तीन भाग असे मिश्रण करावे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर आणि त्यांचा प्रयोग परिवार यांनी पाचट, पाला आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून गच्चीवरच माती घडवता येते हे महाराष्ट्राला शिकवले. गच्चीवर पडणारा भार लक्षात घेता आजही त्याहून चांगला मार्ग मला दिसत नाही. एका बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड पुरते. मिश्रण भरण्यापूर्वी तळाची छिद्रे मोकळी झाली आहेत ना हे बोट घालून पाहावे, छिद्रांवर खापराचा तुकडा पालथा ठेवावा आणि कुंडी काठापर्यंत न भरता वर दोन बोटे जागा पाण्यासाठी सोडावी. मिश्रण भरल्यावर एकदा भरपूर पाणी देऊन आठवडाभर तसेच मुरू द्यावे. ताज्या भरलेल्या कुंडीत लगेच बी टाकले तर माती खचताना बी खोल जाते.

मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा इंच खोली पुरेशी आहे. मुळा आणि गाजराला बारा इंच खोली हवी, आणि टोमॅटो, वांगी, फ्लॉवर यांना प्रत्येक रोपामागे पंधरा ते वीस लिटरची कुंडी किंवा पिशवी द्यावी. लहान कुंडीतला फ्लॉवर लिंबाएवढाच गड्डा धरतो, आणि पुढे त्याला कितीही खत घातले तरी तो वाढत नाही.

हिवाळ्यातील उन्हाची दिशा

उत्तम माती आणि चांगले बियाणे असूनही गच्चीवरचा टोमॅटो नुसताच उंच वाढतो आणि फळ धरत नाही, याचे कारण अनेकदा कठड्याच्या सावलीत असते. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली भिंतीच्या पायाशीच राहते. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही पुण्यात सूर्य क्षितिजापासून केवळ ४८ अंश वर येतो आणि नागपुरात सुमारे ४५ अंश. म्हणजे दक्षिणेच्या बाजूला तीन फुटांचा कठडा असेल, तर पुण्यात दुपारी बारा-साडेबाराला त्याची सावली पावणेतीन फूट आत येते आणि नागपुरात जवळजवळ तीन फूट. सकाळ-संध्याकाळी त्या भागाला ऊन आणखी कमी मिळते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सावलीची कड जिथे असते, डिसेंबरात ती पुण्यात भिंतीपासून त्याच्या साधारण दीड ते पावणेदोनपट अंतरावर पोहोचते. ऑक्टोबरातच खडूने रेघ मारून हे अंतर मोजावे आणि दक्षिण कठड्यालगतच्या कुंड्या मांडणीवर किंवा विटांच्या थरावर उंच कराव्यात, नाहीतर रेघेपलीकडे हलवाव्यात.

उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीला सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थेट ऊन मिळत नाही. तिथे फळभाज्यांचा आग्रह धरू नये. पुदिना आणि सावलीतील शोभेची झाडे ठेवावीत, आणि तिथली तुळस उन्हाच्या जागी हलवावी. याउलट दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन खोलवर येते, आणि उन्हाळ्यात जिथे काहीच येत नव्हते तिथे आता उत्तम मेथी-पालक होतो. पालेभाज्यांना चार तास ऊन पुरते. टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, गाजर आणि गुलाब यांना किमान सहा तास लागते.

पेरणीची वेळ: भोगीपासून मागे मोजत

पेरणीचे नियोजन करण्याची माझी आवडती पद्धत म्हणजे भोगीच्या भाजीपासून मागे मोजत येणे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी १३ जानेवारीला, गाजर, वाटाणा, वांगी, पावटा, ओला हरभरा असे सारे एका पातेल्यात यावे लागते, आणि हे सारे आपल्याच बागेतले हवे असेल तर पेरण्या आपोआप ओळीला लागतात. गाजराला नव्वद दिवसांच्या आसपास लागतात, म्हणून ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावे. वांग्याची रोपे पुनर्लागणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी फळ देऊ लागतात, म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत महिन्याभराची तयार रोपे वाफ्यात गेलेली असावीत. ओल्या घाट्यांसाठी हरभरा ऑक्टोबरअखेर टोकावा. अर्केलसारख्या लवकर येणाऱ्या वाटाण्याच्या पहिल्या शेंगा दोन महिन्यांत मिळतात, म्हणून तो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरावा. वेलाचा पावटा मात्र पावसाळ्यातच लावलेला असावा लागतो. दिवस लहान झाले की त्याला फुले येतात, आणि उशिरा पेरलेला वेल पुरेसा वाढण्यापूर्वीच फुलावर जातो.

वाटाणा सर्वांत शेवटी का, याचे उत्तर ऑक्टोबरच्या उकाड्यात आहे. दुपारचे तापमान ३२–३३ अंशांवर असताना वाटाणा उगवला तरी खुरटतो आणि त्याची रोपे मरतात. लेट्यूसचे बी तर तापलेल्या मातीत निद्रिस्तच राहते, आणि बियाणे खराब निघाले असे समजून लोक नवे पाकीट आणतात. पहाटे अंगावर पांघरूण ओढावेसे वाटू लागले की या दोन्हींची पेरणी करावी. मेथी, कोथिंबीर, मुळा आणि देशी पालक यांना इतके थांबण्याचे कारण नाही. ऑक्टोबरच्या आरंभी दुपारची थोडी सावली देऊन ती चालू करता येतात.

जुने बियाणे वापरायचे असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. सात-आठ दिवसांत सहापेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर नवे बियाणे आणावे. घटस्थापनेला घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरण्याच्या प्रथेमागे रब्बीच्या बियाण्याची अशीच पारख असावी, असे अनेक जाणकार मानतात, आणि नवरात्राचा काळ पाहता ते पटण्यासारखे आहे.

बी साधारण त्याच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल जावे. धने पेरण्यापूर्वी पायताणाने किंवा लाटण्याने हलके रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि रात्रभर पाण्यात भिजवावेत. तरीही कोथिंबीर उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तोवर धीर धरावा. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. गाजराचे बी फार बारीक असल्याने ते कोरड्या वाळूत मिसळून ओळीत टाकावे, वर अगदी पातळ माती चाळावी आणि ओले गोणपाट अंथरावे. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाटाचा कोपरा उचलून पाहावा. पहिले हिरवे धागे दिसले की त्याच दिवशी गोणपाट काढावे, कारण एक दिवसही अधिक राहिले तर रोपे पिवळी व लांबुडकी होऊन आडवी पडतात. गाजर, मुळा आणि बीट यांची रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत; मुळाचे टोक दुखावले की मूळ फाटे फुटून वेडेवाकडे होते. बीटच्या एका दाण्यातून दोन-तीन रोपे येतात, त्यामुळे विरळणी टाळता येत नाही. रोपे बोटभर झाल्यावर जोमदार ते एक ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाचे मूळ हलते. कापलेली रोपे भाजीत घालावीत.

मेथी आणि कोथिंबीर एकदम सगळी पेरू नये. दर दहा-बारा दिवसांनी एक ओळ पेरत गेले तर फेब्रुवारीपर्यंत घरात ताजी भाजी येत राहते.

फ्लॉवरबाबत एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते, ती म्हणजे जात. फ्लॉवरच्या लवकर येणाऱ्या, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या जाती असतात आणि प्रत्येकीला गड्डा धरण्यासाठी ठरावीक तापमान लागते. पुसा दीपालीसारखी हळवी, म्हणजे लवकर येणारी जात उष्ण हवेतही गड्डा धरते, तर स्नोबॉल प्रकारच्या गरव्या, म्हणजे उशिरा येणाऱ्या जातींना चांगली थंडी लागते. स्नोबॉल लवकर लावला तर थंडी येईपर्यंत नुसती पाने वाढत राहतात, आणि हळवी जात नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत लावली तर रोप लहान असतानाच बटणाएवढा गड्डा धरून थांबते. म्हणून रोपवाटिकेत रोपे घेताना जात विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि पाकिटावरील लागवडीचा काळ वाचावा. गड्डा लिंबाएवढा झाला की त्याचीच बाहेरची पाने वर ओढून सुतळीने सैल बांधावीत. ऊन न लागल्याने गड्डा पांढरा राहतो. कोबी याबाबतीत बराच सोशिक आहे, आणि पहिल्यांदाच हिवाळी बाग करणाऱ्यांनी फ्लॉवरपेक्षा कोबी, मुळा, मेथी यांपासून आरंभ करावा.

लसूण ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावावा, पाकळीचे निमुळते टोक वर ठेवून. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबरात गादीवाफ्यावर (उंच, सपाट वाफ्यावर) टाकावे, आणि सहा ते आठ आठवड्यांनी रोपे हलवावीत.

कोकणात आणि गोव्यात रात्री फारशा थंड होत नसल्याने स्नोबॉल फ्लॉवर किंवा वाटाण्यावर मेहनत वाया घालवू नये. लाल माठ, मुळा, वाल, मिरची आणि पांढरा कांदा ही तिथली हिवाळ्यातील खरी पिके आहेत, आणि त्यांची चव देशावरच्या बागेला येत नाही. नाशिक, निफाड, खानदेश आणि विदर्भात याच्या उलट अडचण येते. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेले की टोमॅटोची फुले गळतात, म्हणून तिथे टोमॅटोची लागण सप्टेंबरातच उरकावी, म्हणजे कडाक्याच्या थंडीपूर्वी झाडे फळावर येतात.

गुलाब आणि शेवंती

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण दसऱ्यानंतरच्या पंधरवड्यात करावी. मेलेल्या, किडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात, आणि राहिलेल्या चार-पाच जोमदार फांद्या निम्म्या उंचीवर कापाव्यात. काप धारदार कात्रीने, बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवरील कोंब फुटण्याच्या जागेच्या) पाव इंच वर आणि डोळ्याच्या उलट बाजूला उतरता घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते व मध्ये हवा खेळते. कापावर बोर्डो मलम लावावे: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम चुना प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून, एकत्र करून एक लिटर मलम होईल इतकेच पाणी घालावे. लोखंडी भांडे वापरू नये. छाटणीनंतर साधारण दीड ते पावणेदोन महिन्यांत पहिला बहर येतो.

शेवंतीचे शेंडे खुडण्याची वेळ ऑगस्टअखेर संपते. ऑक्टोबरात खुडले तर कळ्याच जातात. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की शेवंतीला कळ्या धरतात. म्हणून रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा गच्चीवरील बल्बचा उजेड रात्रभर पडत असलेली कुंडी हलवावी, अन्यथा झाड हिरवेगार राहूनही फूल येत नाही. पिटुनिया, फ्लॉक्स, डायॅन्थस, कॅलेंडुला यांचे बी ऑक्टोबरात सावलीत टाकून महिन्याने रोपे हलवावीत.

पाणी आणि किडी

ऑक्टोबरात कुंड्यांना रोज पाणी लागते. डिसेंबरात तेच प्रमाण ठेवले तर मुळे कुजतात, कारण थंडीत झाड पाणी कमी ओढते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे आणि ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. रात्रभर पाने ओली राहिली तर करपा पसरतो. वाफ्यांवर आणि कुंड्यांत दोन-तीन बोटे जाडीचे पाल्याचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला भिडू देऊ नये.

हिवाळ्यातील मुख्य शत्रू मावा आहे. कोबी, मुळा आणि मोहरीच्या कोवळ्या शेंड्यांवर तो दाट बसतो आणि त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. आठवड्यातून दोनदा पाने उलटी करून पाहिली तर तो सुरुवातीलाच बोटांनी चिरडून किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने घालवता येतो. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा: पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर अर्धा लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, किसलेल्या साबणाची चिमूट घालून एकूण द्रावण एक लिटर करावे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला मारावे. ठिपके असलेले लाल ढालकिडे आणि त्यांच्या करड्या, लांबट अळ्या दिसल्या तर फवारणी थांबवावी. या अळ्या कीड समजून मारल्या जातात, पण माव्याचा फडशा त्याच पाडतात.

कोबी-फ्लॉवरच्या वाफ्याभोवती मोहरीची एक ओळ पंधरा दिवस आधी पेरून ठेवावी. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग आधी मोहरीवर जातात, आणि फवारणी तेवढ्याच ओळीवर करून भागते. वाटाण्यावर आणि गुलाबावर पांढरी भुरी दिसू लागताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, दुपारचे ऊन टाळून फवारावे. पावसाळ्यात वाढलेल्या शंखी गोगलगायींसाठी संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्याकडेला ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

थंडीची लाट आणि विश्रांती घेणारी झाडे

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट येते तेव्हा अँथुरियम, ॲग्लोनिमा, मनी प्लांट आणि नेचे आडोशाला घ्यावेत. तुळशीच्या मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात, म्हणजे झाडाची शक्ती बी धरण्यात जात नाही. पारा सात-आठ अंशांखाली जाण्याचा अंदाज असेल त्या संध्याकाळी टोमॅटो, वांगी आणि कोवळ्या रोपांवर जुनी सुती साडी किंवा गोणपाट काठ्यांच्या आधाराने, पानांना न टेकेल असे पसरावे आणि सकाळी ऊन आल्यावर काढावे. प्लास्टिक वापरायचे झाले तर ते पानांना मुळीच लागता कामा नये. एरवी संध्याकाळचे पाणी टाळावे, पण अशा रात्री वाफ्याला हलके पाणी द्यावे, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब अधिक काळ धरून ठेवते. निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागांना पाणी सोडतात आणि शेकोट्या पेटवतात तेही याच हेतूने.

बागेतील सर्वच झाडांना या काळात खतपाणी नको असते. फळावर आलेल्या आंब्याच्या मोठ्या झाडाचे पाणी पाऊस संपल्यावर बंद करावे. जमीन कोरडी आणि हवा थंड असली की मोहोर धरतो, आणि पाणी चालू राहिले तर पालवी फुटते. मोहोर येऊन कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यावरच पुन्हा पाणी सुरू करावे. अडेनियम आणि निवडुंग यांना महिन्यातून एक-दोनदा थोडे पाणी पुरते, आणि अडेनियमची पाने गळाली तरी काळजीचे कारण नसते. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात हळूहळू कमी करून दोन-तीन आठवडे तोडावे, पाने पिवळी पडून गळू द्यावीत, मग जानेवारीत झाड एक-दीड फुटावर छाटून उरलेली पाने काढावीत. बुंध्याभोवतीची माती चार बोटे उकरून मुळ्या दोन-तीन दिवस उघड्या ठेवाव्यात आणि नंतर कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड घालून आळे बुजवावे. पहिले पाणी भरपूर द्यावे, पुढचे पाणी माती वरून सुकल्यावरच द्यावे आणि नवे फुटवे दिसू लागले की नेहमीचा क्रम धरावा.